मागे पाहणारा स्वार

…आणि चौथं शिंग तेवढं अजून राखाडी राहिलं होतं. बाकीची तीन रंगवून झाली होती – बुडाशी काळपट, मधे मातकट, टोकाला वाळल्या कडब्याच्या रंगाची – आणि त्या तिघांमध्ये हे एक असं उघडं पडलेलं दिसत होतं की शंभूला त्याच्याकडे बघवेना. चार शिंगांचा मेंढा. पुढच्या पायांना खुरं, मागच्यांना घारीची नखं, पोटावर लोकर संपते तिथून खाली माशाचे खवले. असलं जनावर घोड नदीच्या अल्याड-पल्याड कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तर पाहणारा त्या वाटेनं पुन्हा गेला नसता. उंचीला म्हणाल तर अंगठ्याएवढं. पण धातूचं ओतीव, त्यामुळे तळहातावर घेतलं की आकाराच्या मानानं जड लागायचं, आणि ते जड लागणंच शंभूला आवडायचं. काहीतरी हातात आहे असं वाटायचं.

गुरुवार होता, कंपनीला सुट्टी. खिडकीशी बायकोचं, प्रतिभाचं, शिवणमशीन होतं, त्याच्या पाटावर त्यानं आपला संसार मांडला होता – फुटकी पांढरी टाइल, तिच्यावर रंगाचे ठिपके, बाटलीच्या बुचात पाणी, एक भिंग. आणि बाजूला, काडीच्या टोकाला मेणानं चिकटवून उभा केलेला स्वार. मेंढा वेगळा, स्वार वेगळा. दोघं वेगवेगळे रंगवायचे आणि मग एकमेकांवर बसवायचे, नाहीतर मांडीखाली ब्रश जात नाही. हे पावेलनं शिकवलं होतं.

पावेल म्हणजे झेक इंजिनियर. रांजणगावच्या ज्या कंपनीत शंभू पेंट शॉपला इन्स्पेक्शनवर होता, तिथं नवी लाइन उभी करायला तो आला होता आणि पावसाळाभर शिरूरच्या लॉजवर राहिला होता. संध्याकाळ झाली की बाकीचे साहेबलोक पुण्याची वाट धरायचे. हा बाबा टेबलावर दिवा ओढून बोटभर बाहुल्या रंगवत बसायचा. राक्षस, बुटके, पंखवाली माणसं. त्यांच्याकडे म्हणे चांगले बाप्ये लोक असले खेळ खेळतात. शंभूला आधी हसू आलं होतं. मग एकदा पावेलनं त्याच्या हातात भिंग दिलं, आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या तोंडावर एका म्हातारीचा सगळा राग दिसला, तेव्हा त्याचं हसू गेलं ते गेलंच. जाताना पावेलनं अर्ध्यामुर्ध्या रंगाच्या बाटल्या, दोन ब्रश आणि ही न रंगवलेली जोडी त्याच्या हातावर ठेवली. स्वाराच्या बुडाला एक गोल खुंटी, मेंढ्याच्या पाठीला एक गोल भोक. शंभूनं सवयीनं स्वार पुढे तोंड करून बसवला, तर पावेलनं मान हलवली आणि दोन बोटांनी तो फिरवून शेपटीकडे तोंड केलं. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, मेंढ्याला वाट ठाऊक असते, माणसानं मागचं बघावं. मग खांदे उडवून म्हणाला, पण तुझी मर्जी, खुंटी गोल आहे.

खुंटी गोल आहे… तेव्हापासून हे वाक्य शंभूच्या डोक्यात उगाच फिरत असायचं. कंपनीच्या बसमध्ये, आंघोळीला पाणी काढताना. स्वार मागे बघतोय म्हणजे तो निघालाय आणि मागे राहिलेल्यांकडे बघतोय – की तो परत येतोय आणि मेंढाच वेडा आहे, जो त्याला उलट्या दिशेनं ओढतोय? एवढ्याशा बाहुलीवर इतका विचार करणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील ते शंभूला माहीत होतं. म्हणून तो ते कुणाजवळ बोलत नसे, आणि प्रतिभानं विचारलं तेव्हा त्यानं "टाइमपास" एवढंच उत्तर देऊन विषय मिटवला होता.

पण टाइमपास तो नव्हताच. कंपनीत रंगाला हात लावायचा नसतो. पत्रे साखळीला टांगून येतात, गनमधून रंग उडतो, भट्टीतून भाजून निघतात, आणि मग शंभू ट्यूबलाइटखाली मान तिरपी करून बघतो – कुठे ओघळ, कुठे सुईच्या टोकाएवढं भोक, कुठे संत्र्याच्या सालीसारखी खडबड. दोष शोधायचा आणि खडूनं त्याच्याभोवती गोल काढायचा, हा त्याचा धंदा. डोळ्यांना तीच खोड लागली होती; जेवायला बसला की भाकरीवरचा करपलेला डाग आधी दिसायचा, भाकरी नंतर. इथं मात्र उलटा न्याय. इथं पातळ काळा रंग मुद्दाम घड्याघड्यांतून ओघळू द्यायचा, आणि जिथं ओघळ साचतो तिथं खोली येते, सुरकुती येते, माणूस दिसायला लागतो. कंपनीत जे रिजेक्ट झालं असतं, त्याच्यानंच इथं काम होत होतं. आठवड्यातून एक दिवस दोषांशी भांडण नाही, एवढंच सुख त्याला पुरत होतं.

प्रतिभा चहा घेऊन आली. कप पाटाच्या कडेला, रंगापासून लांब ठेवला. ती अशा बाबतीत जपणारी होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, आत्या उठल्यात. त्ये झाका की जरा."

"का?"

"आता दिसतंय त्यांना. मेंढरू बगितलं की भावजींचं परत चालू व्हईल."

खरं होतं. भामाबाईंचं, म्हणजे त्याच्या आईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. इतके दिवस शंभू तिच्या समोर बसून रंगवायचा आणि तिला वाटायचं कंपनीचं काहीतरी घासतोय. आता पट्टी निघाली होती, शिबिरात मिळालेला काळा चष्मा लावून ती घरभर हिंडत होती आणि एकेक वस्तू नव्यानं ओळखत होती – प्रतिभाच्या केसांत पांढरं आलं, नात धनश्री शाळेतून येते तेव्हा किती उंच दिसते, देव्हाऱ्यातला आबांचा, शंभूच्या वडिलांचा, चांदीचा टाक किती काळा पडलाय. काल दिवसभर चिंच लावून तिनं तो घासला होता.

"दौंडचं सांगितलंत का त्यांना?" प्रतिभानं विचारलं.

"न्हाई."

तिनं पदराला हात पुसले. "बरं केलं," म्हणाली आणि भांडी घासायला मागे निघून गेली. शंभूनं काही झाकलं नाही. चौथ्या शिंगाच्या बुडाला काळा रंग लावला.

मंगळवारी तो दौंडला जाऊन आला होता. कंपनीत सांगितलं, आईच्या डोळ्याचं काम आहे. घरी, फक्त आईला सांगितलं, ओव्हरटाइम आहे. न्हावऱ्यावरून, इनामगावच्या बाजूनं, उसाच्या गाड्यांच्या मागे धूळ खात त्यानं मोटरसायकल नेली. हवालदारानं फोनवर आवाज मऊ करून सांगितलं होतं – यार्डाच्या पल्याड रुळाकडेला सापडलाय, वय तेवढंच वाटतंय, येऊन बघून जा. या मऊ आवाजाची आता सवय झाली होती. संपतला, त्याच्या धाकट्या भावाला, जाऊन तिसरं वर्ष चाललं होतं, आणि असं बोलावणं आलं की शंभू जायचा. कधी दौंड, कधी कुर्डुवाडी, एकदा थेट मनमाड. दर वेळी आधी डावी भुवई बघायची. लहानपणी एका मेंढ्यानं संपतला धडक दिली होती, तिथं भुवईत गव्हाच्या दाण्याएवढी फट राहिली होती, केस पुन्हा आलेच नाहीत. चादर बाजूला झाली की शंभूची मान आपोआप तिरपी व्हायची, ट्यूबलाइटखाली होते तशी. मंगळवारीही झाली. भुवई अखंड होती. "हा नव्हं," तो म्हणाला. हवालदार म्हणाला, "बरं झालं." शंभू "व्हय" म्हणाला. बाहेर येऊन दवाखान्याच्या नळावर ओंजळीनं पाणी प्यायला, स्टेशनासमोरच्या दुकानातून बारीकात बारीक ब्रश घेतला, आणि… आणि नळावर पाणी पिताना जे वाटलं ते त्यानं तिथंच सोडून दिलं. आत्ता तो शिंग रंगवत होता. शिंगाला मधे मातकट रंग लावायचा होता.

संपतला कंपनीत त्यानंच चिकटवलं होतं, कॉन्ट्रॅक्टवर. आबा गेले, मेंढरं विकली, नदीकाठचं बिऱ्हाड सोडून सगळे शिरूरला न्हावऱ्याच्या रस्त्याला आले, आणि उभ्या आयुष्यात छपराखाली न राहिलेला संपत भट्टीच्या तोंडाशी पत्रे उतरवायला उभा राहिला. त्याची एकच खोड होती. पत्रा बाहेर आला की तो त्याच्यावर हात ठेवायचा. मेंढराला ताप आहे का बघायला पाठीवर ठेवतात तसा, सबंध पंजा. रंग अजून कोमट, मऊ असायचा. निळ्या पत्र्यावर पाच बोटं उमटायची, आणि शंभूला त्या पंजाभोवती खडूनं गोल काढावा लागायचा. एकदा काढला, दोनदा काढला. पोरं हसायची. सुपरवायझर आधी हसला आणि मग हसायचा थांबला. घरी बसवल्यावर संपत पायरीवर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचा. मग एका सकाळी तो दौंडला निघाला. तिकडे मावसभाऊ मेंढरं घेऊन उतरला होता, त्याला भेटून येतो म्हणाला. मावसभावाला तो भेटलाच नाही. स्टेशनाच्या पुलावर कुणीतरी त्याला पाहिलं होतं म्हणतात, आणि तिथून पुढं गाड्या चारी दिशांना जातात.

"येतो म्हनून गेलाय त्यो," भामाबाई म्हणायच्या. तिसऱ्या वर्षातही त्यांचं एवढंच म्हणणं होतं आणि ते त्यांना पुरत होतं. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. ज्यानं येतो म्हटलं त्याला यावंच लागतं. शंभूचाही आधी त्याच्यावरच विश्वास होता. मग साधारण वर्षानं प्रतिभा एकदा चपात्या लाटता लाटता, वर न बघता म्हणाली, की त्या सकाळी ती नळावर होती, भावजी तिच्यासमोरून गेले. "मला म्हनले, वैनी, जातो." लाटणं थांबलं नव्हतं तिचं. "आत्यांना नका सांगू." शंभूनं सांगितलं नाही. पण आई "येतो म्हनून गेलाय" म्हणाली की त्याला दर वेळी दुसरा शब्द ऐकू यायचा, आणि आईचं बोलणं संपेपर्यंत तो कुठेतरी दुसरीकडे बघत राहायचा.

भावकीचं म्हणणं वेगळंच होतं. चुलते पोपटराव गेल्या दिवाळीला येऊन बसले आणि स्पष्ट बोलले. "टाक करून घ्या त्याचा. देवात बसवा. असं अधांतरी ठेवू नगा पोराला, आन् घरालाबी." त्यांच्यात रीतच होती. घरातलं माणूस गेलं की सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती उठवून घ्यायची, तो टाक देव्हाऱ्यात बसवायचा, भंडारा वाहायचा; अकाली गेलेला असला तर स्वार उठवायचा, पाठीवर वस्त्र, हातात काठी. त्याच दिवसापासून माणूस घराच्या बाहेर कुठे उरत नाही, देवांत येतो. त्याला शोधायचं नसतं, त्याची वाट बघायची नसते. पोपटराव बोलत होते तोवर भामाबाई चहा गाळत होत्या. गाळून झाल्यावर त्यांच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "जित्या मानसाचा टाक करत्यात का, दाजी? चा घ्या." त्यानंतर त्या घरात टाक हा शब्द निघाला नव्हता.

शिंग झालं. शंभूनं मेंढा टाइलवर ठेवला आणि स्वाराची काडी हातात घेतली.

स्वाराच्या हातात काठी होती आणि अंगावर जाड पांघरूण, खांद्यावरून खाली मेंढ्याच्या कुशीपर्यंत लोंबलेलं. पावेलच्या डोक्यात ते लाल असावं. निदान लाल रंगाची बाटली त्यानं याच्यासाठी म्हणून दिली होती. शंभूनं काळा लावला. का लावला, तर हाताला तोच आला. मग काळ्यावर करडी झाक दिली, कारण काळी लोकर उन्हात काळी राहत नाही. मग मागच्या गुरुवारी कडेनं एक बारीक पांढरी रेघ ओढली… आणि रेघ वळणापाशी आली तेव्हा त्याला कळलं आपण काय काढतोय. आतल्या खोलीत खुंटीवर प्लास्टिकच्या पिशवीत तशीच घोंगडी होती. मेंढरं विकण्याआधीची शेवटची कातरण आईनं स्वतः कातली होती, सनगराकडून संपतसाठी घोंगडी विणून घेतली होती, आणि काठाला एकच पांढरी रेघ घाल म्हणून त्याच्या दारात बसून राहिली होती. घोंगडी घरी आली तेव्हा संपत गेलेला होता. त्यानं ती पाहिलीसुद्धा नाही. तिसरं वर्ष डांबराच्या गोळ्या बदलतात. आणि ती घोंगडी आता हा परक्या मुलखातला बुटका अंगावर घेऊन बसला होता. पुसून टाकावी, लाल द्यावा, असं शंभूच्या मनात आलं होतं. त्यानं रेघ पुरी केली होती.

आज तोंड. डोळे सगळ्यात शेवटी असतात, त्याआधी भुवया. दौंडचा ब्रश त्यानं काळ्या रंगात बुडवला, ओठांवर टोक केलं – तोंडात रंग जातो म्हणून प्रतिभा ओरडायची – आणि श्वास धरून उजवी भुवई ओढली. एका दमात आली. डावी ओढताना बाहेरून ट्रॅक्टर गेला, खिडकीची काच थरथरली, टोक किंचित उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. शंभूनं भिंग डोळ्याला लावलं. भुवई मधे तुटली होती.

दोष. खडू काढा, गोल करा… एका ठिपक्याचं काम होतं. ब्रशवर रंग होता, हात स्थिर होता, ट्रॅक्टर लांब गेला होता. तो बघत राहिला. भिंगात ते तोंड डोळ्यांवाचून त्याच्याकडे बघत होतं, म्हणजे बघत नव्हतं, पण बघणार होतं. तूच का, असं त्याच्या मनात आलं आणि लाज वाटली. चाळिशीला टेकलेला माणूस, हाताखाली पोरं असलेला, बाहुलीशी बोलतो. मी काही केलं नाही, ट्रॅक्टर गेला, ब्रश उचलला गेला… पण रेघ कुणी ओढली? घोंगडीची रेघ काय ट्रॅक्टरनं ओढली? तिसरं वर्ष मी भुवया बघत फिरतोय, चादरीखालच्या, अनोळखी, आणि एकही तुटलेली निघत नाही. मग एक तुटलेली मीच काढून ठेवली, एवढंच.

पंखा थांबला. बाराची लाइट गेली. घरात एकदम इतकं शांत झालं की मागे मोरीत प्रतिभा भांडी रचत होती तेही जवळ ऐकू आलं, आणि त्याच्या पाठीशी चपलेवाचूनचं पाऊल.

"काय करतुयास रं?"

भामाबाई दारात होत्या. काळा चष्मा कपाळावर सारलेला. उघड्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते औषधाचं.

"काय न्हाई, आई. रंग देतोय."

"बगू."

त्यानं मेंढा त्यांच्या हातावर ठेवला. भामाबाईंनी तो उजेडाला धरला, एक डोळा मिटला. जनावर हातात आलं की करायच्या तेच त्यांनी केलं – आधी पाठीवरून अंगठा, मग शिंगं, मग पाय. नखांपाशी अंगठा थांबला.

"असलं कसलं मेंढरू? चार शिंगं."

"फॉरेनचं हाय."

"तरीच," त्या म्हणाल्या. त्यांना गंमत वाटली होती, तोंडावर दिसत होतं. शंभूलाही बरं वाटलं. मग त्यांची नजर काडीवरच्या स्वाराकडे गेली. "आन् ह्यो?"

"ह्यो वर बसतो."

"बसव बगू."

नाही म्हणता आलं असतं. रंग ओला आहे म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. त्यानं मेण सोडवलं, खुंटी भोकात घातली. दोन बोटांत स्वार होता, खुंटी गोल होती, आणि कुठल्याही बाजूला तोंड करता आलं असतं. त्यानं शेपटीकडे केलं.

"उलटा का?"

"मागं बघतोय."

"कुनाकडं?"

शंभू सुटं मेण काडीला परत लावत राहिला. भामाबाईंनी अंगठा स्वाराच्या गुडघ्यावरून खाली नेला. "पाय कुठं हायत ह्येचं?"

"घोंगडीत झाकल्यात," तो म्हणाला. पांघरूण म्हणायचं होतं त्याला.

त्याच वेळी त्याला आबांची आठवण झाली, कारण आबाही पायांचंच सांगायचे. तरुणपणी ते इनामगावला टेकाडाच्या खोदकामावर पाट्या वाहायला होते. जमिनीखालून जुन्या माणसांची घरं निघाली, आणि घरातच पुरलेली माणसं, आणि घोट्यापासून त्यांचे पाय तोडलेले. पुण्याचे साहेब कागदावर चित्रं काढायचे आणि आपसांत वाद घालायचे. आबा रात्री रानातल्या मुक्कामाच्या वाड्यावर मेंढरांच्या मधे बसून सांगायचे, "मेल्यालं मानूस उठून चालाय लागू नये म्हनून, असं साहेब म्हनत व्हता." लहानगा संपत विचारायचा, "म्हंजी जाऊ नये म्हनून का परत येऊ नये म्हनून?" आबांना ते काही सांगता यायचं नाही. ते संपतच्या डोक्यावर घोंगडी ओढायचे आणि झोप म्हणायचे.

भामाबाईंचा अंगठा आता कडेवर होता. पांढऱ्या रेघेवर. रेघ ब्रशच्या केसाएवढी, अंगठ्याला लागण्यासारखी नव्हतीच. पण त्यांनी मूर्ती डोळ्याजवळ आणली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली. ऑपरेशन चांगलं झालं होतं. शंभू त्यांच्या तोंडाकडे बघत होता आणि तिथं काही येत नव्हतं, राग नाही, रडू नाही. फक्त गंमत निघून गेली होती. मग त्यांनी मूर्ती पाटावर ठेवली, हळू, रंग लागू नये अशी, आणि तोंड मागे केलेला तो स्वार नेमका खिडकीकडे पाठ आणि घराकडे तोंड करून राहिला. चष्मा डोळ्यांवर ओढला. आतल्या खोलीत गेल्या. तिथं खुंटीवर घोंगडी होती, आणि तिथंच देव्हारा.

भिंतीपलीकडून काही ऐकू येत नव्हतं. मग आवाज आला, नेहमीचा, भाजीत मीठ टाक म्हणावं तसा.

"टाक त्यो."

एवढंच. पुढं काही नाही.

"काय म्हनलीस?" त्यानं विचारलं. आई एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलत नसे.

टाक त्यो. टाकून दे तो, माझ्या जित्या पोराचं हे सोंग घरात नको, उकिरड्यावर टाक… की तो टाक आहे? स्वार आहे, घोंगडी आहे, काठी आहे, ज्यानं कुणी केला असेल त्यानं टाकच केलाय, आणि मी ओळखला? शब्द एकच होता आणि आवाजात वर-खाली काही नव्हतं. शंभूनं तो मनात पुन्हा म्हणून बघितला, आईच्या आवाजात, एकदा असा आणि एकदा तसा. दोन्ही खेपेला बरोबर लागला. तिसरं वर्ष एका शब्दावर तगून राहिलेली बाई. तिनं दुसरा शब्द उच्चारला होता आणि तो कुठला ते दहा पावलं जाऊन बघण्यासारखं होतं. तिच्या हातात काय आहे ते बघायचं. देव्हाऱ्याखाली भंडाऱ्याचा पत्र्याचा डबा होता, जुना, गच्च झाकणाचा; तो उघडला की सगळ्या घराला ऐकू जायचा. ती डबा घेऊन बसली असेल तर टाकाला भंडारा वाहायचाय, हा एक अर्थ. नुसतीच खुंटीकडे बघत बसली असेल तर दुसरा, टाकून दे.

पण तो उठेना. कारण त्याच्या लक्षात आलं होतं, की शब्द कानावर पडला त्या क्षणी, अर्थाचा घोळ सुरू व्हायच्या आधी, त्यानं तो एकाच अर्थानं ऐकला होता, देव्हाऱ्यातल्या अर्थानं. आणि त्याच क्षणी छातीतून काहीतरी सुटलं होतं. तेच, जे मंगळवारी सुटलं नव्हतं. दौंडला नळावर ओंजळ भरून घेताना त्याला वाटलं होतं, चला, आपला नव्हता म्हणून अंग सैल पडतंय… खोटं. अंग सैल पडलं नव्हतं. तो रागावला होता. त्या चादरीखालच्या परक्या माणसावर, त्याच्या अखंड भुवईवर, बरं झालं म्हणणाऱ्या त्या भल्या हवालदारावर. त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते संपत नव्हता याचं वाटलं होतं. आपल्या सख्ख्या भावाला शोधत त्यानं एवढे रस्ते तुडवले आणि कुठल्या तरी वळणावर, कळलंही नाही असं, तो त्याला जिवंत शोधायचा थांबला होता.

पाटावर मेंढा चालला होता, चार शिंगं पुढे करून, खिडकीतून बाहेर. स्वार घराकडे बघत होता, डोळ्यांवाचून. टाइलवर पांढऱ्या रंगाचा ठिपका वाळत आला होता. दोन डोळ्यांपुरता ओला होता अजून. शंभूनं ब्रशचं टोक ओठांवर केलं आणि तसाच धरून बसला. आतून डब्याच्या झाकणाचा आवाज येतो का, इकडे त्याचा कान होता, आणि आपण कशाची वाट बघतोय ते या खेपेला त्याला चांगलं ठाऊक होतं.